टेक्स्ट बॉक्समध्ये @ टाकून नाव सुचवणं: देवनागरीत मात्रा आली की लिस्ट गायब होतेय

निळीशाई

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची एक छोटी साइट मी सांभाळते, कामं वाटून घ्यायची आणि त्यावर चर्चा करायची एवढंच तिचं काम, साधारण ६०० मेंबर आहेत आणि जवळजवळ सगळं लिखाण देवनागरीत चालतं. बरेच दिवस सगळे मागे लागलेत की कॉमेंट लिहिताना @ टाकलं की खाली नावं यावीत, एक निवडावं आणि त्या माणसाला नोटिफिकेशन जावं. मला वाटलं दोन दिवसांचं काम, आज अकरावा दिवस आहे.

साइटवर तीन प्रकारची फील्ड्स आहेत. कॉमेंटचा साधा टेक्स्टएरिया, कामाच्या शीर्षकाचं एका ओळीचं इनपुट आणि माहितीच्या पानांसाठी कंटेंटएडिटेबलवाला, म्हणजे पानावरच थेट लिहिता येणारा, एडिटर. फ्रेमवर्क काही नाही, साधी जावास्क्रिप्ट, सर्व्हर पायथनवर. सुरुवात टेक्स्टएरियापासून केली. कर्सरच्या आधीचा मजकूर घेते आणि रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्राने) बघते की शेवटी @ आणि त्यामागे शब्द आहे का, असेल तर लिस्ट दाखवते. इंग्रजीत नाव टाइप केलं की मस्त चालतं. मराठीत @ टाकलं की लिस्ट उघडते आणि पहिलं अक्षर टाकलं की लगेच बंद. मग कुठेतरी वाचलं की बॅकस्लॅश डब्ल्यूला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच कळतं, त्याऐवजी युनिकोडचा एल वर्ग वापरा आणि यू फ्लॅग लावा. ते केलं तर आता 'कमल' आणि 'अमर' सापडतात पण 'सुनीता' टाइप करताना 'सु' झालं की लिस्ट परत गायब!

शिवाय लिस्ट उघडी असताना एंटर मारला की नाव निवडलं जायच्या ऐवजी अर्धी कॉमेंटच पोस्ट होते. आणि लिस्ट बॉक्सच्या खाली एका कोपऱ्यात येते, मला ती लिहितोय त्या जागी हवीय. फोनवर काय होतं त्याबद्दल तर बोलायलाच नको, लिस्ट कधी येते कधी नाही. सगळं स्वतः लिहीत बसू की एखादी लायब्ररी घेऊ? ज्यांनी हे खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

अर्धविराम

'सु' वर का अडकतंय ते आधी सांगतो कारण बाकीचं त्यानंतर. युनिकोडच्या हिशोबात स हे अक्षर आहे, एल वर्गातलं, पण त्याला लागलेला उकार हे अक्षर नाही, ते चिन्ह आहे आणि त्याचा वर्ग एम. वेलांट्या, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, सगळी एम मध्ये. म्हणून 'कमल' ला काही होत नाही, त्यात एकही चिन्ह नाही. रेजेक्सच्या चौकटी कंसात एल, एम आणि आकड्यांचा एन असे तिन्ही वर्ग घाला, अंडरस्कोअर घाला, झालं.

झालं म्हणतोय पण नाही झालं :) आणखी एक जागा आहे जिथे मी स्वतः दोन दिवस अडकलो होतो. 'कुऱ्हाडे' सारखं आडनाव घ्या. त्यातला अर्धा र लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात, काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि मग हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देतात ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखं दिसतं पण आत कोड वेगळे. आणि हे झेडडब्ल्यूजे ना एल मध्ये येतं ना एम मध्ये, त्यामुळे रेजेक्स तिथेच तुटतो आणि नाव सापडत नाही. झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे दोन्ही कंसात हाताने घाला.

नुसतं रेजेक्समध्ये घालून भागणार नाही, तुलना करतानाही लागेल. मी एक छोटं फंक्शन ठेवलंय जे शोधायचा शब्द आणि साठवलेलं नाव दोन्हीवर चालतं: पहिल्यांदा र-हलन्त-झेडडब्ल्यूजे असा तुकडा दिसला की त्याचा ऱ-हलन्त करायचा, मग उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची आणि शेवटी जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ एनएफसी (मजकूर युनिकोडच्या एका ठराविक रूपात आणणारं) लावून चालवायचं. क्रम महत्त्वाचा आहे, आधीच चिन्हं काढली तर त्या र चं मूळ कळणारच नाही. आणि फक्त एनएफसी लावून हे दोन र एक होत नाहीत, मी तसं समजून बसलो होतो. हेच फंक्शन सर्व्हरवर पायथनमध्येही लिहा आणि प्रत्येक मेंबरच्या नावाचं हे 'धुतलेलं' रूप वेगळ्या कॉलममध्ये साठवा, दर वेळी शोधताना करत बसू नका.

@ च्या आधी मोकळी जागा किंवा ओळीची सुरुवात आहे का हेही तपासा, नाहीतर कोणी ईमेल लिहिला की लिस्ट डोकं वर काढेल. मात्र सुरुवातीचा कंस किंवा अवतरणचिन्ह चालू द्या, लोक कंसातही नावं घेतात.

---

रात्रपाळी

जागेचं सांगतो. टेक्स्टएरियाकडून कर्सर कितव्या अक्षरावर आहे ते मिळतं, सिलेक्शनस्टार्ट मधून, पण तो स्क्रीनवर नक्की कुठे आहे, किती पिक्सेल डावीकडून, हे विचारायची ब्राउझरमध्ये सोयच नाही. म्हणून सगळे जुनीच युक्ती करतात. एक लपवलेला डिव्ह बनवायचा, टेक्स्टएरियाची कॉम्प्युटेड स्टाइल त्याला जशीच्या तशी चढवायची, म्हणजे फॉन्ट, लाइन-हाइट, लेटर-स्पेसिंग, पॅडिंग, बॉर्डर, बॉक्स-सायझिंग, रुंदी, आणि व्हाइट-स्पेस प्री-रॅप, मग त्यात मजकूर ओतायचा आणि हव्या त्या जागी एक स्पॅन ठेवून त्याचं ऑफसेट वाचायचं, त्यातून टेक्स्टएरियाचा स्क्रोलटॉप वजा करायचा. एकही स्टाइल सुटली की शब्द वेगळ्या ठिकाणी खालच्या ओळीत जातो आणि लिस्ट भलतीकडे उघडते, हे लक्षात ठेवा. एका ओळीच्या इनपुटला तीच युक्ती, फक्त ओळ तुटू द्यायची नाही आणि स्क्रोललेफ्ट वजा करायचं.

माझा एक आग्रह आहे, स्पॅन कर्सरच्या जागी ठेवू नका, @ च्या जागी ठेवा. कर्सरला बांधली तर प्रत्येक अक्षरागणिक लिस्ट उजवीकडे सरकत राहते आणि वाचणाऱ्याचे डोळे दमतात. @ ला बांधली की ती एका जागी शांत बसते आणि जोडाक्षराच्या मधोमध मजकूर कापायची वेळही येत नाही.

कंटेंटएडिटेबलमध्ये उलट सोपं आहे, सिलेक्शनमधून रेंज घ्या, तिचं गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट घ्या. रिकाम्या ओळीवर कधीकधी सगळे शून्य येतात पण तुम्ही रेंज @ वर लावली तर तिथे अक्षर असतंच. मात्र तिथे बाकी सगळं अवघड आहे, म्हणून त्या एडिटरसाठी स्वतः काही लिहू नका. टिपटॅप, लेक्सिकल, क्विल यांपैकी जे वापरत असाल त्याचं तयार मेन्शनचं एक्स्टेन्शन मिळतं, ते नाव एका अखंड तुकड्यासारखं ठेवतात, बॅकस्पेस मारला की अख्खं नाव जातं.

टेक्स्टएरियासाठी ट्रिब्यूट बघा, जेक्वेरी लागत नाही, नावांची यादी सरळ देता येते किंवा फंक्शन देऊन सर्व्हरवरून आणता येते. नाहीतर गिटहबचं टेक्स्ट-एक्सपांडर-एलिमेंट, ते वेब कॉम्पोनंट आहे, टेक्स्टएरियाभोवती गुंडाळायचं आणि त्याच्या इव्हेंटला लिस्ट पुरवायची. तुमच्या गरजेला मी या दोनातलं हे दुसरं घेईन. पण कुठलीही घेतली तरी तिच्या कोडमध्ये शब्द कसा ओळखलाय ते उघडून वाचा, अर्धविराम म्हणतायत ती मात्रांची भानगड लायब्ररीतही असू शकते. आणि ट्रिब्यूट घेतलं तर लिस्टची ओळ एचटीएमएल म्हणून आत टाकली जाते, तेव्हा नावं एस्केप करून द्या, नाहीतर कोणीतरी स्वतःच्या नावात स्क्रिप्ट लिहील आणि ती सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये चालेल.

---

कळफलक

फोनचं मला बोलू द्या, कारण मी यात बराच काळ घालवलाय आणि बहुतेक लेखांमध्ये दिलेला सल्ला आपल्या भाषांसाठी चुकीचा पडतो.

पहिलं म्हणजे कीडाउनवर, म्हणजे बटण दाबल्याच्या इव्हेंटवर, अक्षर ओळखायचा प्रयत्न असेल तर आत्ताच काढा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये कीबोर्डवरून टाइप केलं की बहुतेक वेळा कीकोड २२९ येतो आणि की 'अनआयडेंटिफाइड', म्हणजे @ दाबलं का स दाबलं काही कळत नाही. तुमची लिस्ट 'कधी येते कधी नाही' त्याचं कारण बहुधा हेच. इनपुट इव्हेंट ऐका आणि दर वेळी कर्सरच्या आधीचा मजकूर नव्याने वाचा.

दुसरं, लेखांमध्ये लिहिलेलं असतं की आयएमई (भाषेचं टायपिंग जुळवणारी सोय) चालू असताना, म्हणजे कॉम्पोझिशन (शब्द अजून जुळत असणं) सुरू असताना काही करू नका, कॉम्पोझिशन-एंडची वाट बघा. डेस्कटॉपवर हे ठीक आहे. पण फोनवरचे बरेच कीबोर्ड अख्खा शब्द पुरा होईपर्यंत कॉम्पोझिशन चालूच ठेवतात, स्पेस दिल्यावर ती संपते. म्हणजे तुम्ही वाट बघत बसलात तर 'सुनीता' पूर्ण लिहून स्पेस दिल्यावर लिस्ट हलणार, तोवर काय उपयोग! म्हणून गाळणी कॉम्पोझिशन चालू असतानाही चालू ठेवा. इझकम्पोझिंग, म्हणजे कॉम्पोझिशन चालू आहे का ते सांगणारी खूण, फक्त एंटर आणि बाणांच्या बटणांसाठी तपासा, कारण त्या वेळी एंटर हा कीबोर्डच्या स्वतःच्या सूचनेसाठी असू शकतो. सफारीत एक खाच आहे, तिथे कॉम्पोझिशन-एंड आधी येतं आणि एंटरचा कीडाउन नंतर, त्यामुळे इझकम्पोझिंग खोटं दिसतं, तिथे कीकोड २२९ आहे का हेही बघावं लागतं. जुनं आहे, डेप्रिकेटेड आहे, पण चालतं.

एंटरने कॉमेंट पोस्ट होतेय ते कारण तुमचे दोन लिसनर आहेत आणि पोस्टवाला आधी लागलाय. लिस्टवाला कॅप्चर फेजमध्ये (त्यातले लिसनर आधी चालतात) लावा, आणि लिस्ट उघडी असेल आणि एक ओळ निवडलेली असेल तरच प्रिव्हेंट-डिफॉल्ट आणि स्टॉप-इमीडिएट-प्रोपगेशन दोन्ही करा. लिस्ट बंद असेल तर त्याने एंटरला हातही लावू नये. एस्केपलाही तसंच, कॉमेंट बॉक्स जर पॉपअपमध्ये असेल तर पहिल्या एस्केपने फक्त लिस्ट बंद व्हावी, अख्खा पॉपअप नाही, माझं लिहिलेलं असंच एकदा गेलंय आणि तो राग अजून आठवतो.

नाव माउसने निवडताना क्लिकवर काम करू नका, पॉइंटर खाली येताच, म्हणजे माउसडाउनला, प्रिव्हेंट-डिफॉल्ट करा, नाहीतर आधी फोकस जातो, ब्लरने लिस्ट बंद होते आणि क्लिक हवेत.

आणि निवडलेलं नाव घालताना व्हॅल्यू थेट बदलू नका, त्याने अनडू मोडतं. लोक कंट्रोल झेड दाबतात आणि आधीचं परत येत नाही. एक्झेक-कमांडचं इन्सर्टटेक्स्ट अधिकृतपणे जुनं ठरवलंय खरं, पण अनडू शाबूत ठेवून मजकूर घालायचा तोच भरवशाचा मार्ग उरलाय, फायरफॉक्सनेही आवृत्ती ८९ पासून टेक्स्टएरियात ते चालू केलं. @ पासून कर्सरपर्यंत सिलेक्ट करा आणि ते चालवा. त्याने फॉल्स, म्हणजे जमलं नाही, असं उत्तर दिलं तर सेट-रेंज-टेक्स्ट वापरा आणि इनपुट इव्हेंट स्वतः पाठवा.

---

श्रवणी_वाचते

मी स्क्रीन रीडर वापरते, डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून या लिस्टा माझ्या बाजूने कशा वाटतात ते लिहिते. बऱ्याच साइटवर मी @ टाकते आणि मला काहीच ऐकू येत नाही. मग मी ओळ संपवायला एंटर मारते आणि कुणाचं तरी नाव कॉमेंटमध्ये घुसतं, ते मला कळतही नाही, मी भलत्याच माणसाला हाक मारलेली असते.

फार काही लागत नाही. फोकस टेक्स्टएरियातच राहू दे, लिस्टकडे नेऊ नका. लिस्टला लिस्टबॉक्सचा रोल, ओळींना ऑप्शनचा, प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी, आणि टेक्स्टएरियावर एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट मध्ये सध्याच्या ओळीचा आयडी, म्हणजे बाण दाबला की ते नाव वाचलं जातं. लिस्ट बंद झाली की तो काढून टाका. टेक्स्टएरियाचा रोल बदलून कॉम्बोबॉक्स करायचा मोह होईल, काही लायब्ऱ्या करतातही, पण एचटीएमएलच्या नियमात टेक्स्टएरियाला दुसरा रोल चालत नाही आणि मला ते अनेक ओळींचं फील्ड आहे हे कळेनासं होतं. त्यापेक्षा बाजूला एक न दिसणारा लाइव्ह रीजन (त्यात आलेलं स्क्रीन रीडर आपोआप वाचतो) ठेवा, पोलाइट, त्यात '५ नावं सापडली, बाणाने निवडा' असं एक वाक्य टाका. प्रत्येक अक्षराला नको, टाइप करणं जरा थांबलं की मगच, नाहीतर सारखा गोंगाट होतो आणि माझं स्वतःचं लिहिलेलं मला ऐकू येत नाही.

आणि एक कळकळीची विनंती, पहिलं नाव आपोआप निवडून ठेवणार असाल तर ते मला ऐकू आलं पाहिजे. ते जमत नसेल तर आपोआप निवडू नका, मी बाण दाबेन.

---

निळीशाई

श्रवणी, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी लगेच माझं पान स्क्रीन रीडर चालू करून ऐकलं. अगदी तुम्ही म्हणताय तसंच, पूर्ण शांतता. पहिलं नाव आपोआप निवडणं बंद केलंय आणि लाइव्ह रीजन घातलाय, आता ऐकू येतं. मनापासून आभार.

अर्धविराम, 'सुनीता' सापडते, आणि आमच्याकडे खरंच एक मेंबर आहेत ज्यांच्या आडनावात तो ऱ्ह आहे, त्यांचं नाव साठवलेलं झेडडब्ल्यूजेवालं निघालं! ते कुणालाच कधी सर्चमध्ये सापडायचं नाही आणि आम्ही समजत होतो की लोक चुकीचं टाइप करतात.

आता पुढचा प्रश्न. ६०० नावं एकदाच पान उघडताना आणून ब्राउझरमध्ये ठेवू का दर वेळी सर्व्हरला विचारू? आणि कॉमेंट सेव्ह करताना त्यात नाव कसं साठवायचं?

---

रात्रपाळी

६०० ला सर्व्हरला कशाला त्रास. आयडी, नाव आणि हँडल, म्हणजे साइटवरचं छोटं युजरनेम, एवढंच आणा, फोकस पहिल्यांदा त्या बॉक्सवर आला की आणा, पान उघडताना नको. एवढ्या यादीत शोधायला ब्राउझरला काही वेळ लागत नाही आणि लिस्ट लगेच दिसते.

---

अर्धविराम

मी सहमत नाही, म्हणजे वेगाबद्दल सहमत, पण अख्खी मेंबर यादी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये पाठवणं मला पटत नाही. एका जुन्या कामात आम्ही हेच केलं होतं आणि त्या एपीआयच्या उत्तरात नावासोबत ईमेलही जात होते, स्क्रीनवर दिसत नव्हते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, डेव्हलपर टूल्स उघडली की सगळे पत्ते समोर. कळलं तेव्हा मला झोप लागली नाही. म्हणून आता माझा नियम, जो माणूस हे काम किंवा ही चर्चा बघू शकतो तोच सुचवायचा, आणि उत्तरात नाव, हँडल, आयडी याखेरीज एक अक्षरही नको.

मध्यम मार्ग सांगतो. त्या चर्चेत आधी बोललेले लोक पानासोबतच पाठवा, दहा-पंधरा असतात, आणि बहुतेक वेळा माणूस त्यांच्यापैकीच कुणाला हाक मारतो, त्यांना लिस्टमध्ये सगळ्यात वर ठेवा. त्यात नाही सापडलं तरच सर्व्हरला विचारा, टाइप करणं २०० मिलिसेकंद थांबलं की. इथे एक चूक हमखास होते, 'सु' चं उत्तर 'सुनी' च्या उत्तरानंतर येतं आणि लिस्ट मागे जाते. नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी अबॉर्टकंट्रोलरने रद्द करा.

रोमन लिपीत टाइप करून शोधणारेही असणारच, म्हणून हँडल रोमनमध्ये असेल तर नाव आणि हँडल दोन्हीत शोधा. लिप्यंतर करायच्या भानगडीत पडू नका, एकच नाव लोक चार तऱ्हेने लिहितात.

साठवण्याचं: मजकुरात नाव साठवू नका, नाव बदलतं. कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत अशी जागाही साठवू नका, जावास्क्रिप्ट लांबी युटीएफ-१६ मध्ये मोजते आणि पायथन कोडपॉइंटमध्ये, कॉमेंटमध्ये एक इमोजी आला की पुढचं सगळं एका घराने सरकतं. टेक्स्टएरियात आयडी लपवून ठेवायला जागा नसते, म्हणून तिथे @ आणि हँडल घाला, मधे स्पेस नसलेलं, आणि सेव्ह करताना सर्व्हरने ते ओळखून त्याच्या जागी आयडीचं टोकन, म्हणजे आयडी असलेली खूण, घालावं. दाखवताना टोकनवरून त्या दिवशीचं नाव काढायचं. ब्राउझरने 'या लोकांना कळवा' म्हणून पाठवलेल्या यादीवर विश्वास ठेवू नका, कुणाला नोटिफिकेशन जाणार ते सर्व्हरने मजकुरातून स्वतः ठरवायचं, परवानगी तपासून.

---

कळफलक

यात एक भर. कॉमेंट एडिट केली की जुन्या आणि नव्या टोकनांची तुलना करा आणि फक्त नव्याने आलेल्यांना कळवा. नाहीतर कुणी एक अनुस्वार दुरुस्त केला की सगळ्यांचे फोन परत वाजतात आणि दोन आठवड्यांत लोक नोटिफिकेशन बंद करून टाकतात. दुसऱ्याचं बोलणं कोट केलं असेल तर त्यातली नावंही सोडून द्या.

---

निळीशाई

आज टेक्स्टएरिया आणि शीर्षकाचं इनपुट दोन्ही चालू झालं. टेक्स्ट-एक्सपांडर घेतलं नाही शेवटी, मात्रांची आणि झेडडब्ल्यूजेची गाळणी माझीच ठेवायची होती म्हणून लिस्ट स्वतः लिहिली, साधारण २५० ओळी झाल्या. प्रत्येक फील्डला वेगळं जोडायच्या ऐवजी डॉक्युमेंटवर एकच इनपुटचा लिसनर ठेवलाय आणि डेटा ॲट्रिब्यूट असलेल्या फील्डलाच तो लागू होतो, त्यामुळे 'उत्तर द्या' दाबल्यावर नवीन उघडणारा बॉक्सही आपोआप चालतो. एंटर आता शहाण्यासारखा वागतो. अर्धविरामांचं ऐकलं, यादी चर्चेपुरतीच.

एक गोष्ट अजून राहिलीय. एका मेंबरच्या फोनवर नावावर बोट लावलं की हँडल नीट बसतं, पण पुढचं अक्षर टाइप केलं की आधीचं अर्धवट 'सुनी' परत उमटतं.

---

कळफलक

ते कॉम्पोझिशन. कीबोर्डच्या मनात तो शब्द अजून चालूच आहे, तुम्ही त्याच्या पाठीमागून मजकूर बदललात. बोट लावल्यावर जर कॉम्पोझिशन चालू असेल तर आधी टेक्स्टएरिया ब्लर करा, कॉम्पोझिशन-एंड येऊ द्या, मग लगेच फोकस परत आणून हँडल घाला, आणि तेवढ्या वेळापुरतं ब्लरने लिस्ट बंद होणारा कोड थांबवा. मला दोन फोनवर याने सुटलं होतं. कीबोर्ड क्षणभर खाली जाऊन वर येताना दिसला तर सांगा, त्याचं बघू.

---

निळीशाई

सुटलं. कीबोर्ड किंचित हलतो पण खाली जात नाही. सोमवारपासून एडिटरवालं हातात घेते, क्विल आहे आमच्याकडे, अडकले तर इथेच विचारते.